खेळाडू मुलगा आणि त्याचा संघ



सुवर्णमहोत्सवानिमित्त जीं व्याख्यानें योजिलीं गेलीं त्यांपैकीं एक पालकांसाठीं असावें व तें आम्हीं द्यावें, अशी फादरांची इच्छा होती. प्रार्थना, शिक्षण, विवाह, व्यसनें ह्या विषयांवर आमच्याहून अधिकारी वक्ते आपण ऐकलेच आहेत. आम्हीं विषय घेतला तो फुटबॉलचा. तो ऐकतांच कांहीं वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठी पडली, हें आम्हीं पाहिलें. परंतु गेल्या पावसाळ्यांत आपल्यांतील एक पंधरा वर्षांचा मुलगा, जो तीन वर्षें नेमानें वेदीसेवा करीत होता, ह्याच फुटबॉलच्या पायीं रविवारच्या मिस्साला यावयाचा थांबला, ही गोष्ट त्या वडीलधाऱ्यांपैकींहि पुष्कळांस ठाऊक आहे. त्याच्या व त्याच्या आईवडिलांच्या संमतीनें ती हकीकत येथें सांगतों. नांव सांगत नाहीं. ज्यांना तें ठाऊक आहे त्यांनीं मागें वळून पाहूं नये, एवढीच विनंति.

हा मुलगा खेळ शिकला तो आपल्या चर्चमागच्या आवारांत. एका बाजूस मातेचा ग्रोटो, दुसऱ्या बाजूस शाळेची भिंत, मध्यें कडुनिंबाचीं दोन झाडें. एवढ्याशा जागेंत दहाबारा मुलें रोज संध्याकाळीं खेळतात. तेथें चेंडू उंच मारला तर तो ग्रोटोच्या कांचेवर जातो, आणि मग सिस्टर बाहेर येतात. म्हणून आपलीं मुलें चेंडू जमिनीवरूनच, जवळच्या जवळ, आखूड पास देत खेळावयास शिकलीं. हा मुलगा त्यांत फारच तरबेज. दोघांच्या मधून चेंडू काढणें, पाठीशीं गडी असतांना झट्‌दिशीं वळणें, भिंतीवर चेंडू मारून तोच पुन्हां आपल्या पायांत घेणें, हें सारें त्याला कोणी न शिकवितां आलें. भिंतीनें शिकविलें म्हणा ना.

मैदानच मुलाला खेळ शिकवितें, हें आम्हांला पुढें उमगलें. शेजारच्या नागपुरांत हिस्लॉप कॉलेजांतील क्रीडाशिक्षक प्राध्यापक विजय बारसे ह्यांनीं पावसांत फुटकी बादली लाथाडीत खेळणारीं मुलें पाहिलीं, आणि त्यांतून २००१ सालीं झोपडपट्टींतील मुलांचा फुटबॉल सुरू केला. त्यावर नागराज मंजुळे ह्यांचा ‘झुंड’ हा चित्रपट २०२२ सालीं निघाला, तो आपल्यांतील बहुतेकांनीं पाहिला असेल. बारसे ह्यांच्या संस्थेचे खेळाडू बेघरांच्या ज्या जागतिक स्पर्धेंत उतरले, तेथें मैदान २२ मीटर लांब व १६ मीटर रुंद, आणि दोन्ही बाजू मिळून गडी आठ. म्हणजे एकेकाच्या वांट्याला ४४ चौरस मीटर जागा. मोठ्या मैदानाचें नेहमींचें माप १०५ मीटर लांब व ६८ मीटर रुंद, आणि गडी बावीस. तेथें एकेकाच्या वांट्याला सुमारें ३२५ चौरस मीटर येतात. सात पटींहून अधिक मोकळी जागा मिळाल्यावर धांवावें कोठें, उभें राहावें कोठें, चेंडू येण्यापूर्वीं मान कोणत्या बाजूस वळवावी, हें सगळेंच बदलतें. आमचा मुलगा कच्चा नव्हता. माहेरची बोली अस्खलित बोलणारी सून परमुलखांत द्यावी आणि तिला तेथें साधें पाणीहि मागतां येऊं नये, तशी त्याची अवस्था झाली.

जूनच्या अखेरीस शहरांतील एका संघानें त्याला घेतलें. त्या संघाची रीत साधी होती. गोलरक्षकानें किंवा मागच्या फळीनें चेंडू उंच व लांब उडवावयाचा. पुढें एक उंचापुरा मुलगा उभा, त्यानें तो डोक्यावर घ्यावयाचा. आणि बाकीच्यांनीं तिकडे धांव घ्यावयाची. आमचा मुलगा चेंडू मागावयास मागें येई, आणि चेंडू त्याच्या डोक्यावरून निघून जाई. क्वचित् पायांत आलाच तर तो संवयीप्रमाणें थांबे, वळे, एकाला चकवी; तेवढ्यांत पुढें धांवलेले सोबती ऑफसाइड ठरत आणि सारे त्याच्यावर ओरडत. पहिल्या तीन सामन्यांत त्याला मध्यंतरानंतर बाहेर बसविलें. चौथ्यांत उतरविलेंच नाहीं.

आतां घरचें ऐका. वडील प्रत्येक सामन्यास जात आणि मैदानाच्या कडेला उभे राहून “चेंडू पायांत ठेव” म्हणून ओरडत. समोरच्या कडेवरून त्याचे शिक्षक “मार पुढें” म्हणून ओरडत. दोन मोठीं माणसें, दोन आज्ञा, आणि मध्यें एक पोर! चेंडू जवळ येतांच त्याचे पाय थिजूं लागले ह्यांत नवल तें काय? आई म्हणे, “सोड तो खेळ, दहावीचें वर्ष आहे.” आणि आम्ही, ज्यांनीं त्याला आवारांत लहानाचा मोठा होतांना पाहिलें, त्या आम्हीं काय केलें? आम्हीं त्याची समजूत घातली कीं, “तुझा तो खरा फुटबॉल, त्यांचा नुसता धांगडधिंगा. तूं आपला खेळ सोडूं नकोस.”

बंधुभगिनींनो, ह्या प्रकरणांतील सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती आमची. मुलाचें दुःख पाहून आपण त्याच्या बाजूनें बोलतों, आणि आपण प्रेम केलें असें आपणांस वाटतें. पण त्या मुलानें आमचे शब्द जसेच्या तसे संघांत नेले. “तुम्हांला खेळतांच येत नाहीं,” असें तो एका सोबत्याला बोलून गेला. त्यानंतर त्याला चेंडू मिळेनासा झाला. हेतुपुरस्सर कोणी देईना. मिस्सा सुटल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर भेटेल तो विचारी, “काय रे, गोल किती केलेस?” उत्तर देण्याचें टाळण्यासाठीं त्यानें पायऱ्याच टाळल्या, आणि पायऱ्यांबरोबर वेदीहि गेली. फादरांना वाटलें मुलगा आजारी आहे.

जुलैच्या शेवटीं आम्ही दोघे-तिघे त्या संघाच्या शिक्षकांकडे गेलों. खरें सांगावयाचें तर भांडावयाच्या तयारीनेंच गेलों होतों. त्यांनीं चहा मागविला आणि आम्हांला मैदानावर नेलें. आपल्या वर्धा जिल्ह्याची काळी माती पावसांत कशी होते हें शेतकऱ्याला सांगावयास नको. जोड्याला दोन दोन शेर चिकटते. शिक्षकांनीं एक चेंडू जमिनीवरून हलकेच ढकलला. तो पांच पावलें गेला आणि चिखलांत रुतला. “शाळांचे सामने पावसाळ्यांतच असतात,” ते म्हणाले. “येथें आखूड पास द्यावयाचा म्हणजे चेंडू शत्रूच्या स्वाधीन करावयाचा. माझीं मागच्या फळीचीं मुलें गेल्या वर्षीं खेळावयास लागलीं. आपल्या गोलापुढें चेंडू घोळवीत बसलीं तर दोन गोल खातील. आठवड्यांतून तीन दिवस सराव मिळतो. तेवढ्यांत मी काय शिकवूं?” आमच्याजवळ ह्याला उत्तर नव्हतें. ज्याला आम्ही धांगडधिंगा म्हणत होतों तो मातीचा, वेळेचा आणि हाताशीं असलेल्या मुलांचा हिशेब होता.

मग आम्हीं तो प्रश्न विचारला जो पहिल्याच दिवशीं विचारावयास हवा होता, आणि जो खरें म्हणजे मुलानेंच विचारावयास हवा होता: ह्या मुलाकडून तुम्हांला काय हवें आहे? शिक्षक थोडा वेळ थांबले व म्हणाले, “उंच चेंडू डोक्यावरून उसळला कीं तो जेथें पडेल तेथें कोणीतरी असावयास हवें. माझ्याजवळ तसा कोणी नाहीं.”

दुसऱ्या दिवशीं मुलाला हें सांगितलें नाहीं. आम्ही शहाणे झालों होतों. पुढच्या सामन्यास त्याच्या शेजारीं वही घेऊन बसलों आणि त्याला म्हणालों, चेंडूकडे पाहूं नकोस. उंच चेंडू पहिल्या डोक्याला लागून कोठें पडतो, तेवढ्या जागीं खूण कर. वहींत आम्हीं मैदानाचा चौकोन काढला होता. मध्यंतरापर्यंत खुणांचा एक पुंजकाच जमला: पुढच्या उंच मुलाच्या मागें दहापंधरा पावलांवर, थोडा उजवीकडे. आणि त्या पुंजक्यांत बहुतेक वेळां प्रतिस्पर्धीच आधीं पोंचत. मुलगा बराच वेळ वहीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “तेथें गर्दी असते. तेथें आपल्या आवारासारखें आहे.”

आपणांस हें वाक्य साधें वाटेल. आम्हांला तें ऐकून त्या चिखलांत उडी मारावीशी वाटली. चार गड्यांच्या गर्दींत, हातभर जागेंत, सैल पडलेला चेंडू ताब्यांत घेऊन तत्काळ मोकळ्या सोबत्याकडे देणें, ही ती कला जी ग्रोटोच्या कांचेनें त्याला शिकविली होती. त्याच्या जुन्या विद्येला नव्या संघांत जागा होती. मात्र ती जागा तो ज्या ठिकाणीं उभा राहत असे तेथें नव्हती. नव्वद मिनिटांच्या सामन्यांत एका गड्याच्या पायांत चेंडू दोनतीन मिनिटांहून अधिक काळ क्वचितच असतो. बाकीचा सारा वेळ खेळ म्हणजे कोठें असावें हें ठरविणें. आवारांत ह्याची गरज पडत नाहीं, कारण तेथें कोठेंहि उभे राहा, चेंडू पायांजवळच असतो.

एक गोष्ट मात्र त्याला टाकावी लागली. चेंडू मिळाल्यावर एकाला तरी चकविल्यावांचून तो द्यावयाचाच नाहीं, ही खोड. ह्यासाठीं आम्हीं हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम ह्यांची एक युक्ति उसनी घेतली. हे गृहस्थ मूळचे शाळामास्तर. १९५२ सालीं हेलसिंकीच्या ऑलिंपिकांत आपले बरेचसे खेळाडू अनवाणी उतरले आणि युगोस्लाव्हियाकडून दहा विरुद्ध एक असे हरले, तेव्हां त्या संघाचे शिक्षक रहीमच होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले, आणि अनवाणी वाढलेल्या पिढीला चेंडू पायाला कसा लागतो हेंच पुन्हां शिकावें लागलें. चारच वर्षांनीं, १९५६ सालीं मेलबर्नला, रहीम ह्यांचाच संघ ऑस्ट्रेलियाला चार विरुद्ध दोन असा हरवून उपांत्य फेरींत गेला. त्यांतील तीन गोल मूळ गोव्याच्या, मुंबईंत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा ह्यांचे. रहीम हे हैदराबादेंत असे सामने भरवीत कीं ज्यांत चेंडू घोळविण्यास बंदी असे, आणि असेहि कीं ज्यांत केवळ दुबळ्या पायानेंच खेळावयाचें. आम्हीं आपल्या आवारांत दर शनिवारीं तोच प्रयोग केला. दोन स्पर्शांत चेंडू दिलाच पाहिजे. पहिल्या शनिवारीं आमचा मुलगा रागानें घरीं निघून गेला. तिसऱ्या शनिवारीं त्यानें डावा पाय काढला, जो त्याला आहे हें तोंवर कोणाला ठाऊक नव्हतें.

ह्याच रहीम ह्यांची एक हकीकत त्याला आम्हीं सांगितली, ती येथेंहि सांगतों, कारण ती आम्हांला फार आवडते. १९६२ सालीं जाकार्ताच्या आशियाई खेळांत थायलंडविरुद्ध जर्नेलसिंग ह्यांचें डोकें फुटलें व टांके पडले. जर्नेलसिंग हे बचावाचा खांब. पुढच्या सामन्यास ते नव्हते. उपांत्य सामना आला तेव्हां त्यांना मागें ठेवणें धोक्याचें आणि बाहेर ठेवणें त्याहून धोक्याचें. रहीम ह्यांना आठवलें कीं हा गृहस्थ कॉलेजांत असतांना पुढच्या फळींत खेळत असे. त्यांनीं त्याला आघाडीस पाठविलें. दक्षिण व्हिएतनामविरुद्ध जर्नेलसिंगनें गोल केला. आणि ४ सप्टेंबर १९६२ रोजीं अंतिम सामन्यांत दक्षिण कोरियाविरुद्ध प्रदीपकुमार बॅनर्जी ह्यांचा एक व जर्नेलसिंगचा एक, असे दोन विरुद्ध एक गोलांनीं आपण सुवर्णपदक जिंकलें. त्याच अंतिम सामन्यांत गोलांत उभे होते ते पीटर थंगराज, जे फौजेंत प्रथम आघाडीस खेळत आणि मग गोलरक्षक झाले. मधल्या फळींत गोव्याचे फोर्तुनातो फ्रांको. त्यांच्या नांवावर गोल शोधूं जाल तर हात हलवीत परत याल, पण सुवर्णपदक त्यांच्याहि गळ्यांत पडलें. मुलानें हें सगळें ऐकून विचारलें, “जर्नेलसिंगला राग नाहीं आला?” आला असेलहि. आम्हांला तें सांगतां आलें नाहीं.

नागपूरचें कॅथीड्रल ज्यांच्या नांवानें ओळखलें जातें त्या सेल्सच्या संत फ्रान्सिसांनीं १६०९ सालीं भक्तिजीवनावर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या आरंभींच ते सांगतात कीं सरदाराची भक्ति निराळी, कारागिराची निराळी, विधवेची निराळी. ज्याच्या त्याच्या शक्तीला, कामाला व कर्तव्याला जुळेल अशीच ती असावी. संत पौलानें करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रांत, बाराव्या अध्यायांत, डोळा, हात आणि पाय ह्यांचा जो दाखला दिला आहे तो आपण सर्वजण जाणतांच. त्या दाखल्याचा आपण नेहमीं एकच अर्धा भाग मुलांना सांगतों: तूं पाय आहेस, डोळा होऊं नकोस. दुसरा अर्धा भाग शरीराला उद्देशून आहे. त्यानेंहि कोणा अवयवाला ‘तुझी गरज नाहीं’ असें म्हणावयाचें नाहीं. म्हणून मुलानें संघाशीं जुळवून घ्यावें असें सांगतांना संघाच्या शिक्षकांकडेहि नम्रपणें एक शब्द टाकावा लागतो. आम्हीं टाकला. कार्तिकांत माती वाळली, चेंडू घरंगळूं लागला, तेव्हां त्यांनीं उजव्या बाजूनें तीन मुलांना जमिनीवरून खेळण्यास मोकळीक दिली. अनायासें उरलेल्या दोघांनाहि तें आवडत होतें, हें तेव्हां कळलें.

पालकांना दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. पहिली मैदानाच्या कडेची. त्या मुलाच्या वडिलांना गप्प राहणें फार जड गेलें. त्यांनीं स्वतःच एक तोड काढली: सामन्याला जातांना ते भाजलेल्या शेंगांचा पुडा नेतात आणि तोंड भरलेलें ठेवतात. हंसूं नका, उपाय लागू पडला. संत जॉन बॉस्को ह्यांना मोठीं माणसें खेळाच्या अंगणांत मुलांमध्यें हवीं असत, परंतु तीं त्यांचे मित्र म्हणून. आणि परतीच्या वाटेवर ‘गोल किती’ हा प्रश्न पहिला नसावा. त्या घरीं आतां पहिला प्रश्न ‘भूक लागली कां’ असा असतो.

दुसरी गोष्ट शरीराची. चौदा-पंधरा वर्षांच्या वयांत दोन समवयस्क मुलांच्या वाढींत दोनतीन वर्षांचें अंतर असूं शकतें. कोणाला मिसरूड फुटलेली असते, कोणाचा आवाजहि अजून फुटलेला नसतो. ज्या संघांत वाढलेलीं मुलें पुष्कळ तेथें उंच व जोराचा खेळ आपोआप रूढ होतो, आणि उशिरां वाढणारा मुलगा मागें पडतो. आपण निकामी आहों असें त्याला वाटूं लागतें. त्याला एवढेंच सांगावें कीं तुझी उंची अजून यावयाची आहे. ती येते तेव्हां पाय लांब होतात आणि कांहीं महिने जुनी सफाईहि हरवते. तेव्हांहि घाबरूं नये. मुलीहि आतां खेळतात, त्यांच्या पालकांनींहि हें लक्षांत ठेवावें. त्यांचें हें वय थोडें आधींच येतें.

जुळवून घेणें हें प्रत्येक वेळीं योग्यच, असें मात्र आमचें म्हणणें नाहीं. जेथें मुलाला शिवीगाळ होते, जात, धर्म किंवा घरची गरिबी काढून हिणवलें जातें, दुखऱ्या पायानें खेळविलें जातें, तो संघ त्याच दिवशीं सोडावा. आणि जेथें शिक्षक भला आहे, पण वर्षभर प्रामाणिकपणें खटपट करूनहि मुलाला त्या खेळांत आनंद वाटत नाहीं, तेथेंहि हंगाम पुरा करून, सर्वांशीं हात मिळवून, दुसरा संघ पाहावा. हंगामाच्या मध्यें रुसून निघून जाऊं नये. हा भेद मुलाला एकट्याला करतां येत नाहीं. तेथें आपली गरज आहे.

आतां त्या मुलाचें काय झालें तें सांगून बसतों. चमत्कार झाला नाहीं. संघ दुसऱ्या फेरींतच हरला. आमचा मुलगा त्या सामन्यांत मध्यंतरानंतर उतरला, पुंजक्याच्या जागीं उभा राहिला, आणि सैल पडलेला एक चेंडू उचलून त्यानें एकाच स्पर्शांत ज्याच्याकडे दिला तो मुलगा तोच, ज्याला तो पूर्वीं टाकून बोलला होता. त्यानें तो गोलाच्या वरून मारला. दोघेहि डोकें धरून हंसले, असें वडील सांगतात. ते शेंगा खात होते. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्साला मुलगा पुन्हां वेदीपाशीं होता, धूपदाणी घेऊन. लांबचे चेंडू उडविण्याची रीत त्याला अजूनहि आवडत नाहीं, आणि तो तसें मोकळेपणीं म्हणतो; फक्त आतां शिक्षकांना म्हणतो.

शनिवारचा सामना आतां आपल्या आवारांत कायम होणार आहे. वेळ संध्याकाळीं पांच, चेंडू दोन स्पर्शांत द्यावयाचा, महिन्यांतून एकदां डाव्या पायानें. सिस्टरांच्या सूचनेवरून ग्रोटोपुढें जाळी लावली आहे. शिट्टी कोणीं वाजवावी हा प्रश्न होता. तो मुलगा तयार झाला आहे. सध्यां तो मागच्या बाकावर बसला आहे, आणि आम्हीं त्याचें नांव घेतलें नाहीं म्हणून बराच सुखावलेला दिसतो.